ट्रिप्सिन मोजणारं लाल सोनं: बीएसए–गोल्ड नॅनोक्लस्टर सेन्सरचं परीक्षण

आधी निकाल. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनच्या, म्हणजे बीएसएच्या वेष्टनात वाढवलेले सोन्याचे नॅनोक्लस्टर, म्हणजे मोजक्या अणूंचे पुंजके, हा ट्रिप्सिन, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं प्रथिन तोडणारं पाचक एन्झाइम, मोजण्यासाठी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बनवता येणारा उत्तम सेन्सर आहे. स्वच्छ बफरमध्ये तो चोख चालतो, डोळ्यांना दिसतो, त्यात विषारी कॅडमियम नाही आणि एक ग्रॅम गोल्ड क्लोराइडमध्ये पन्नास बॅच होतात. पण तो चकाकी (फ्लुओरेसन्स) कमी होण्यावर चालतो, आणि चकाकी कमी व्हायला ट्रिप्सिनशिवाय डझनभर कारणं असतात. म्हणून रुग्णाच्या लघवीवर किंवा मलाच्या अर्कावर एकट्या याच्या भरवशावर आकडा देऊ नये. रोज शेकडो नमुने तपासायचे असतील तर बोडिपी-केसिनचं, म्हणजे चकाकणारा रंग लावलेल्या दुधातल्या प्रथिनाचं, तयार किट बरं. एकाच नमुन्यात दोन-तीन प्रोटीएज (प्रथिन तोडणारी एन्झाइम) वेगवेगळे ओळखायचे असतील तर पेप्टाइड लावलेले क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे चकाकणारे नॅनोकण) घ्यावेत.

सेन्सरची घडण अशी. बीएसएच्या अल्कली द्रावणात गोल्ड क्लोराइड घातलं की प्रथिनातले टायरोसिन सोन्याचं क्षपण करतात आणि सिस्टीनमधलं गंधक तयार होणाऱ्या लहानशा पुंजक्याला धरून ठेवतं. सिंगापूरमध्ये जॅकी यिंग यांच्या गटानं २००९ मध्ये ही कृती प्रसिद्ध केली, आणि तयार होणारा पुंजका साधारण २५ अणूंचा असल्याचं दाखवलं. इतक्या लहान सोन्याला नेहमीचा वाइन-लाल रंग नसतो. द्रावण फिकट तपकिरी दिसतं आणि अतिनील दिव्याखाली गडद लाल चकाकतं. एमिशन, म्हणजे बाहेर पडणारा प्रकाश, ६४० नॅनोमीटरच्या आसपास; क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी चकाकी म्हणून परत येणारा वाटा, सुमारे ६ टक्के. आकडा कार्बन डॉट (कार्बनचे चकाकणारे नॅनोकण) किंवा क्वांटम डॉटच्या मानानं छोटा वाटेल. तो फारसा आड येत नाही, कारण ४७० नॅनोमीटरला प्रकाश देऊन ६४० ला वाचलं तर मधलं अंतर १७० नॅनोमीटर पडतं. विखुरलेला प्रकाश आणि पाण्याचा रामन पट्टा (पाण्यानं तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश), जो इथे ५६० च्या जवळ येतो, दोन्ही दूर राहतात.

ट्रिप्सिन आलं की ते बीएसएची साखळी लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे तोडतं. वेष्टन फाटतं, विरघळलेला ऑक्सिजन आणि इतर विझवणारे रेणू सोन्यापर्यंत पोचतात, लाल चकाकी उतरते. जितकं ट्रिप्सिन जास्त, तितका उतार तीव्र. तत्त्व एवढंच.

बनवताना

मूळ कृतीचं प्रमाण: १० मिलिमोलर गोल्ड क्लोराइड ५ मिलिलिटर, ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए ५ मिलिलिटर, ३७ अंश सेल्सिअसवर जोरात ढवळत एकत्र करायचं. दोन मिनिटांनी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिलिलिटर. मग ३७ अंशांवर १२ तास ढवळत ठेवायचं. एका बॅचला क्लोरोऑरिक आम्लाचं ट्रायहायड्रेट (गोल्ड क्लोराइड म्हणतात ते हेच) १९.७ मिलिग्रॅम आणि बीएसए २५० मिलिग्रॅम लागतं. शेवटी हातात १०.५ मिलिलिटर द्रावण येतं, त्यात बीएसए जवळपास २४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि प्रथिनाच्या एका रेणूमागे सोन्याचे साधारण १३ अणू.

गोल्ड क्लोराइड तोलणं हीच या कृतीतली सगळ्यात अवघड पायरी आहे, विशेषतः मुंबईत, कोकणात आणि गोव्यात, जून ते सप्टेंबर. ते हवेतलं पाणी इतक्या झपाट्यानं ओढतं की तराजूवर आकडा स्थिर होईपर्यंत स्फटिकांचा चिखल होतो. म्हणून तोलूच नये. एक ग्रॅमची कुपी विकत घ्यावी, ती फोडून सगळंच्या सगळं २५.४ मिलिलिटर पाण्यात विरघळवावं, कुपीही त्याच पाण्यानं विसळून घ्यावी. हे १०० मिलिमोलर साठ्याचं द्रावण झालं. गडद काचेच्या बाटलीत ४ अंशांवर ठेवावं आणि दर बॅचला ०.५ मिलिलिटर घेऊन ५ मिलिलिटर करावं. स्टीलचा चमचा या द्रावणाच्या किंवा स्फटिकांच्या जवळपासही नेऊ नये. लोखंडावर सोनं उतरतं आणि चमचाही जातो, सोनंही जातं. कातडीवर पडलं तर जांभळा डाग काही दिवस राहतो, हातमोजे घालावेत.

काचेची भांडी आणि चुंबकाची गोळी राजपाण्यानं, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लानं, धुवावीत. फ्यूम हूडमध्येच. उरलेलं राजपाणी बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, वायू साठून बाटली फुटते. ही पायरी टाळायचा मोह होतो. पण आधीच्या प्रयोगातलं सोन्या-चांदीचं पुसट अस्तर काचेवर राहिलं की त्यावर मोठे कण वाढतात आणि क्लस्टरसाठीचं सोनं तिथे खर्ची पडतं.

सोडियम हायड्रॉक्साइड ताजं हवं. महिनोन् महिने कपाटात ठेवलेल्या बाटलीनं हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन घेतलेला असतो आणि ०.५ मिलिलिटरमध्ये पुरेशी अल्कली मिळत नाही. पीएच १२ च्या आसपास जायलाच हवा, कारण टायरोसिनचं फिनॉल १० च्या वर गेल्याशिवाय नीट क्षपण करत नाही. पट्टीनं तपासावं. पीएच ९–१० वर अडकला तर दुसऱ्या दिवशी पिवळट, जेमतेम चकाकणारं द्रावण हातात येतं आणि दोष बीएसएला दिला जातो.

१२ तासांच्या मुक्कामात वीज तासभर गेली तर बॅच वाया जात नाही, पुढे तेवढा वेळ वाढवावा. घाई असेल तर उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये काही मिनिटांत करायच्या कृतीही आहेत. चकाकी येते, पण बीएसए उष्णतेनं उलगडलेलं असतं, आणि उलगडलेलं बीएसए ट्रिप्सिनला वेगळ्याच गतीनं तुटतं. सेन्सर म्हणून वापरायचं असेल तर ३७ अंशच धरावेत, आणि दोन पद्धतींच्या बॅचचे आकडे एकाच तक्त्यात मांडू नयेत.

डायलिसिससाठी १२ ते १४ किलोडाल्टनची नळी, ४ अंशांवर, एक ते दोन दिवस, पाणी चार-पाच वेळा बदलून. यात न वापरलेलं सोनं आणि अल्कली जाते. पण क्लस्टर न बनलेलं रिकामं बीएसए जात नाही, ते आतच राहतं. ही गोष्ट बहुतेक कृतींत सांगितलेली नसते आणि सेन्सर म्हणून सगळ्यात जास्त तीच महत्त्वाची. ट्रिप्सिन रिकामं बीएसएही तितक्याच आवडीनं तोडतं, पण त्यातून संकेत काहीच मिळत नाही. रिकाम्या बीएसएचं प्रमाण बॅचगणिक बदलतं, म्हणून संवेदनशीलताही बदलते. प्रत्येक बॅचला नवा कॅलिब्रेशन वक्र काढावाच लागतो, गेल्या महिन्याचा वक्र चालत नाही.

०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, फॉइल गुंडाळून ४ अंशांवर ठेवलं तर महिना-दोन महिने चकाकी टिकते. गोठवू नये. उदासीन पीएचचं प्रथिनाचं द्रावण म्हणजे जिवाणूंना मेजवानी, आणि जिवाणूंची स्वतःची प्रोटीएज सेन्सरला आतूनच खातात. ०.०२ टक्के सोडियम अझाइड घातलं तर हे थांबतं. अझाइड असलेलं द्रावण आम्लात मिसळू नये आणि धातूच्या नळात ओतू नये.

बॅच चांगली की वाईट, कसं ओळखायचं

तीन गोष्टी पाहाव्यात. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली लाल चकाकी, चष्मा लावून. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५२० च्या आसपास उंचवटा नसणं. असला तर मोठे नॅनोकण तयार झालेत, द्रावण गुलाबी-जांभळट दिसतं, ती बॅच टाकावी. आणि तिसरं, ३६५ ला उद्दीपित केल्यावर ४५० च्या आसपास दिसणारी निळी चकाकी. थोडी निळी असणारच, ती मुख्यतः बदललेल्या प्रथिनाची असते. पण निळी लालच्या बरोबरीला आली तर क्षपण अर्धवट झालंय असं समजावं. लघवीचा नमुना असेल तर ही निळी बाजू कधीच वाचू नये, लघवी स्वतः तिथे जोरात चकाकते.

बीएसए, डायलिसिस नळी आणि ट्रिप्सिन मुंबईच्या हायमीडियासारख्या कंपनीकडून सहज मिळतं. ट्रिप्सिन घेताना मात्र लेबल वाचावं. पेशीसंवर्धनासाठीचं ट्रिप्सिन-ईडीटीए इथे नको: त्यातला ईडीटीए ट्रिप्सिनला लागणारं कॅल्शियम पळवतो आणि फिनॉल रेड प्रकाश शोषतो. कोरडी पूड घ्यावी, शक्यतो टीपीसीके प्रक्रिया केलेली, म्हणजे सोबतचं कायमोट्रिप्सिन निकामी झालेलं असतं. आणि युनिट तपासावीत. एक यूएसपी युनिट म्हणजे साधारण तीन बीएईई युनिट, ते न पाहता दोन कंपन्यांचं ट्रिप्सिन तुलनेला घेतलं तर तिपटीचा फरक आपोआप पडतो.

प्रत्यक्ष मोजणी

ट्रिप्सिनचा साठा १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, छोट्या नळ्यांत भरून उणे २० वर. उदासीन बफरमध्ये ठेवलं तर ट्रिप्सिन स्वतःलाच खातं. बफर ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेट घेऊ नये. कॅल्शियमशी जमून गढूळ होतं आणि विखुरलेला प्रकाश सगळा खेळ बिघडवतो. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर उतरतो, अंशाला सुमारे ०.०२८. खोलीत २५ अंशांवर ८.० लावलेला बफर ३७ वर ७.७ च्या आसपास येतो. ट्रिप्सिनला ते चालतं, पण वहीत कोणत्या तापमानाला लावला ते लिहावं.

काळी ९६ वेलची, म्हणजे छोट्या खळग्यांची, प्लेट. दर वेलमध्ये १०० मायक्रोलिटर पातळ केलेला सेन्सर, बीएसए शेवटी ०.२५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर राहील असा, आणि १०० मायक्रोलिटर एन्झाइम. शेवटच्या प्रमाणात ०, ०.१, ०.५, १, ५, १० आणि ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरची मालिका, प्रत्येकी तीन वेल. सेन्सर आणखी पातळ केला तर कमी एन्झाइम दिसू लागतं, कारण खायला कमी बीएसए असतं. पण सुरुवातीची चकाकी रिकाम्या वेलच्या किमान दहापट राहायला हवी. बीएसए हे सतरा डायसल्फाइड पुलांनी बांधलेलं, न उलगडता ट्रिप्सिनला दाद न देणारं प्रथिन आहे. त्यामुळे ही चाचणी पाच मिनिटांत होत नाही. दोन ते चार तास ३७ अंशांवर, दर दहा मिनिटांनी वाचन.

फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊ नका, पूर्ण वक्र घ्या. ट्रिप्सिनमुळे येणारा उतार हळूहळू वाढत जातो आणि एन्झाइमच्या प्रमाणात असतो. तांबं, पारा किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडनं येणारी घट बहुतेक वेळा मिसळताक्षणी किंवा पहिल्या काही मिनिटांत दिसते. हा फरक कागदावर डोळ्यांनी कळतो, आणि एका शेवटच्या आकड्यात पूर्ण हरवतो.

प्लेट आधी ३७ अंशांवर आणावी, मग एन्झाइम घालावं. गोल्ड क्लस्टरची चकाकी तापमान वाढलं की उतरते. थंड प्लेट रीडरमध्ये सरकवली तर पहिली पंधरा मिनिटं ब्लँकसुद्धा (एन्झाइम नसलेली वेल) उतरताना दिसतो. उलट बाजूला, कडेच्या वेलमधलं पाणी उडालं की द्रावण घट्ट होतं, चकाकी वाढते आणि खरा उतार झाकला जातो. प्लेटवर पारदर्शक फिल्म लावावी, कडेच्या वेलमध्ये नुसतं पाणी भरावं.

फिल्टरवाला रीडर असेल तर ४८५ चा एक्सायटेशन फिल्टर आणि ६४० ते ६५० चा एमिशन फिल्टर चालतो. हा दुसरा फिल्टर बऱ्याच रीडरसोबत येत नाही, आधी तपासावं. जुन्या उपकरणांतला फोटोमल्टिप्लायर लाल टोकाला मंदावतो, तिथे गेन वाढवला की संकेतातला गोंधळही (नॉइज) वाढतो.

खरी अडचण

आता मुद्द्याचं. विझणाऱ्या सेन्सरमध्ये ब्लँक सगळ्यात तेजस्वी असतो. थोडंसं ट्रिप्सिन म्हणजे एका मोठ्या आकड्यातून दुसरा, जवळपास तेवढाच मोठा आकडा वजा करणं. ब्लँकच्या वेल-वेलमधला फरक ३ टक्के असेल, आणि साध्या पिपेटनं तो तेवढा असतोच, तर तीन सिग्माच्या (ब्लँकमधल्या फरकाच्या तिपटीच्या) नियमानं ९ टक्क्यांच्या आतली कोणतीही घट ‘ट्रिप्सिन सापडलं’ म्हणून सांगता येत नाही. शोधनिबंधांतले नॅनोग्रॅमचे आकडे एकाच क्युवेटमध्ये, एकाच हातानं, स्वच्छ बफरमध्ये काढलेले असतात. ९६ वेलच्या प्लेटवर त्यांची अपेक्षा धरू नये.

यावर एकच भरवशाचा उपाय: प्रत्येक नमुन्याची जोडी लावायची. एका वेलमध्ये नमुना जसाच्या तसा, दुसऱ्यात तोच नमुना सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिनला रोखणारं प्रथिन) घालून दहा मिनिटं थांबवून. दोन्हींमधला फरक तेवढाच ट्रिप्सिनचा. इनहिबिटर स्वतः प्रथिन आहे, म्हणून पहिल्या वेलमध्ये तितकंच साधं बीएसए घालून बरोबरी साधावी. पीएमएसएफ हा रासायनिक इनहिबिटर वापरायचा मोह टाळावा. पीएच ८ च्या पाण्यात तो अर्ध्या तासाच्या आसपास निम्मा उरतो आणि चार तासांच्या मोजणीत केव्हाच संपलेला असतो. इनहिबिटर घालूनही चकाकी उतरली तर ती ट्रिप्सिनची नाही, मग ती कशाची हे शोधावं. तांब्याचा संशय असेल तर ईडीटीए घालून पाहतात, पण त्यानं कॅल्शियमही जातं आणि ट्रिप्सिन ढिलं पडतं. म्हणून ते फक्त निदानापुरतं, मोजणीत नाही.

रुग्णाच्या नमुन्यात आणखी चार खड्डे आहेत. पहिला, लघवीतलं ट्रिप्सिन बहुतांशी ट्रिप्सिनोजेन असतं, म्हणजे न उघडलेलं. ते तोडत नाही, म्हणून दिसत नाही. आधी एंटेरोकायनेज घालून उघडावं लागतं आणि एंटेरोकायनेजचा वेगळा ब्लँक लागतो. तीव्र स्वादुपिंडदाहासाठी मिळणारी लघवीची पट्टी ट्रिप्सिनोजेन-२ हे प्रतिपिंडानं पकडते. तिचं उत्तर आणि या सेन्सरचं उत्तर एकाच गोष्टीबद्दल नसतं, ते शेजारी ठेवून कोण बरोबर हे ठरवू नये. तसंच मलातल्या इलास्टेज-१ चं. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी ही सीमा प्रथिन किती आहे त्याची आहे, ते किती काम करतंय त्याची नाही.

दुसरा, रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ही ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं भरपूर असतात. मॅक्रोग्लोब्युलिन ट्रिप्सिनला पिंजऱ्यात धरतं. पिंजऱ्यातलं ट्रिप्सिन छोटे रेणू तोडू शकतं, मोठं प्रथिन नाही. त्यामुळे एकाच सीरममध्ये बॅपनासारखा (ट्रिप्सिननं तोडला की पिवळा रंग देणारा) लहान सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम तोडतं तो पदार्थ, क्रियाशीलता दाखवतो आणि बीएसए-क्लस्टर शून्य. दोन्ही बरोबर असतात. सीरमसाठी हा सेन्सर घेऊच नये.

तिसरा खड्डा सगळ्यात फसवा. पित्तनलिका अडलेल्या रुग्णाच्या लघवीत बिलिरुबिन असतं आणि ते ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमका आपण देत असलेला प्रकाश शोषतं. सेन्सरला प्रकाशच कमी पोचतो, चकाकी कमी दिसते, आणि विझणाऱ्या सेन्सरमध्ये ती ट्रिप्सिन म्हणून नोंदली जाते. स्वादुपिंडाच्या रुग्णांमध्ये पित्तनलिकेचा त्रास वारंवार आढळतो, म्हणजे चूक नेमकी ज्यांना तपासायचं त्यांच्यातच होते. नमुना ४७० ला शोषण ०.१ च्या खाली येईपर्यंत पातळ करावा. इनहिबिटरची जोडी इथेही वाचवते, कारण रंग दोन्ही वेलमध्ये सारखाच असतो.

चौथा, ठरावीक ट्रिप्सिन नमुन्यात मुद्दाम घालून ते किती परत मिळतं ते पाहावं. ८० ते १२० टक्क्यांच्या बाहेर गेलं तर त्या नमुन्याचा आकडा देऊ नये.

पेप्सिनसाठी हा सेन्सर नाही. पेप्सिन पीएच २ च्या आसपास काम करतं. तिथे जाताना बीएसए ४.७ च्या समविद्युत बिंदूवरून (जिथे प्रथिनाचा एकूण विद्युतभार शून्य होतो) जातं, क्लस्टर एकमेकांना चिकटतात, आणि पुढे बीएसएचा आकारच उलगडतो. पीएच ७ च्या वर आणून मोजू म्हटलं तर पेप्सिन कायमचं मरतं. अमायलेज आणि लायपेज तर प्रथिन तोडतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या सब्स्ट्रेटच्या चाचण्या लागतात.

शेजारी ठेवून पाहिलं तर

थर्मो फिशरचं एन्झचेक किट उलट्या दिशेनं चालतं. केसिनवर बोडिपी रंग इतका दाट लावलेला असतो की रंगाचे रेणू एकमेकांना विझवतात. प्रोटीएजनं केसिन तोडलं की ते सुटे होऊन चकाकतात. अंधारातून उजेड येतो, म्हणून ब्लँक लहान आणि थोडं एन्झाइमही स्पष्ट दिसतं. किटमध्ये २०० मायक्रोग्रॅमच्या पाच कुप्या असतात. एक कुपी ०.२ मिलिलिटरमध्ये विरघळवून १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर करायची, मग सोबतच्या बफरनं शंभरपट पातळ करून १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. वेलला १०० मायक्रोलिटर सब्स्ट्रेट आणि १०० मायक्रोलिटर नमुना, खोलीच्या तापमानाला अंधारात तासभर. या हिशेबानं एका कुपीत २०० वेल. हिरव्या किटला ४८५ आणि ५३० चे नेहमीचे फिल्टर चालतात, जे प्रत्येक रीडरसोबत असतात. बिलिरुबिनवाल्या किंवा पिवळ्या नमुन्यांसाठी लाल, ५८९ आणि ६१७ वालं किट घ्यावं, तो रंग बिलिरुबिनच्या आवाक्याबाहेर आहे.

किटचा दोष हा की केसिन कोणतंही प्रोटीएज तोडतं. ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन, इलास्टेज, सगळ्यांची बेरीज मिळते. नमुन्यात जिवाणू वाढले असतील तर तेही मोजले जातात. इनहिबिटरची जोडी इथेही लावावी लागते, हे किटच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं. फ्लुओरेसिनच्या केसिनपेक्षा बोडिपी बरं, कारण फ्लुओरेसिन आम्लात विझतं आणि पीएच थोडा हलला तरी आकडा हलतो.

क्वांटम डॉट हा तिसरा रस्ता. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत मेडिंट्झ, मट्टूसी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॅडमियम सेलेनाइड–झिंक सल्फाइडच्या डॉटवर हिस्टिडिनची शेपटी असलेली, रंग लावलेली पेप्टाइड बसवून कायमोट्रिप्सिन, थ्रोम्बिन, कोलॅजनेज आणि कॅस्पेज-१ मोजले होते. पेप्टाइड शाबूत असेपर्यंत डॉटची ऊर्जा रंगाकडे जाते, तुटलं की डॉट स्वतः चकाकतो. एक रंग चढतो, दुसरा उतरतो, त्यामुळे गुणोत्तर घेता येतं आणि दिव्याचा चढउतार, पिपेटची चूक, वेलची खोली हे सगळं बहुतांशी छेदात जातं. आणि पेप्टाइडचा क्रम बदलला की एन्झाइम बदलतं. विशिष्टतेत याला तोड नाही.

खरेदी करताना मात्र जपून. बाजारात सहज मिळणारे स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेले डॉट पॉलिमरच्या जाड थरामुळे १५–२० नॅनोमीटरचे होतात. ऊर्जेचं हस्तांतर ५–६ नॅनोमीटरच्या पल्ल्यात होतं, त्यामुळे इथे ते जवळजवळ निरुपयोगी. हिस्टिडिन थेट झिंकवर बसेल असे पातळ लिगँडचे डॉट लागतात. बफरमध्ये इमिडॅझोल किंवा ईडीटीए असेल तर पेप्टाइड सुटून जातात आणि ट्रिप्सिन नसतानाही गुणोत्तर बदलतं. पीएच ६ च्या खालीही तेच. गोठवले तर डॉट गोळा होऊन बसतात, परत विरघळत नाहीत. शिवाय कॅडमियमचा कचरा वेगळा साठवून अधिकृत विल्हेवाटदाराकडे द्यावा लागतो, ती व्यवस्था नसलेल्या कॉलेजनं यात पडू नये.

कार्बन डॉटबद्दल थोडक्यात. सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमीन २०० अंशांवर पाच तास ऑटोक्लेव्हमध्ये ठेवून निळे, भलतेच तेजस्वी डॉट मिळतात, आणि खर्च नगण्य. पण त्यातली बरीच चकाकी डॉटची नसून सोबत तयार झालेल्या लहान सेंद्रिय रेणूंची असते. डायलिसिसच्या बाहेरच्या पाण्यात टॉर्च मारली की ते दिसतं. लघवीची स्वतःची चकाकीही निळ्यातच येते. पाचक एन्झाइमसाठी आम्ही त्यांची शिफारस करत नाही.

आणि बॅपना विसरू नये. नॅनोकण नाही, फ्लुओरेसन्स नाही, ४१० नॅनोमीटरला येणारा पिवळा रंग, ज्याचा मोलर शोषणांक ८८०० आहे. संवेदनशीलता बेताची, पण उत्तर थेट दर मिनिटाला किती मायक्रोमोल असं मिळतं. क्लस्टर किंवा किटचा आकडा कोणालाही दाखवण्याआधी स्वच्छ बफरमधले वरच्या प्रमाणाचे दोन बिंदू बॅपनानं पडताळावेत.

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र बीएसए–गोल्ड क्लस्टरसारखा प्रयोग दुसरा नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी द्रावण लावायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्चखाली लाल चकाकी पाहायची, आणि डायलिसिस संपलं की शेवटच्या दिवशी चार क्युवेटमध्ये अनुक्रमे नुसता बफर, ट्रिप्सिन, ट्रिप्सिन अधिक सोयाबीन इनहिबिटर, आणि चिमूटभर कॉपर सल्फेट. दुसरी क्युवेट तासाभरात फिकी पडू लागते, तिसरी तशीच राहते, चौथी मिसळताच विझते. यासाठी ट्रिप्सिन भरपूर, १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, घ्यावं आणि क्युवेट ३७ अंशांच्या पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर तासाच्या तासिकेत फरक डोळ्यांना दिसत नाही. क्युवेट प्लास्टिकच्या चालतात. वापरलेलं सोनं नळात न ओतता एका बाटलीत जमवावं, आणि अझाइड घातलेली बॅच त्या बाटलीपासून वेगळी ठेवावी.